सरासरीबाहेरची प्रेक्षक

डॉ. रुबीना मुजावर यांनी पडदा श्रीपाल मगदूमांकडे वळवला. त्यावर दोन रेषा होत्या. निळी रेष डोंगररांगेसारखी चढत-उतरत गेलेली. तांबडी तिच्या खालून, आपल्याच नादात, कुठेही उचंबळून कुठेही बसलेली.

"निळी रेष निरोगी प्रेक्षकांची आणि तांबडी काकूंची," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही कुठेच जुळत नाहीत. कसं सांगू तुम्हाला, काका, पण चाचणीत जाणीव आढळली नाही."

श्रीपालनी मान डोलावली. ऐकलेलं आत पोचायला वेळ लागत असला की ते अशीच मान डोलवायचे. पलीकडच्या खोलीत त्यांची पत्नी पद्मजा उशांना टेकून बसवलेली होती. डोळे उघडे, नजर समोर खिळलेली. नऊ आठवड्यांपूर्वी सांगलीच्या घरी मेथी निवडता निवडता ती एका अंगावर कलंडली, ती तेव्हापासून बोलली नव्हती, की कुणाच्या हाकेला तिची पापणी लवली नव्हती.

मिरजेच्या या रुग्णालयात 'सहस्पंद' चाचणी येऊन दोन वर्षं झाली होती. २०३७ सालापासून अशा रुग्णांसाठी ती सगळीकडेच होऊ लागली होती. कल्पना तशी साधी होती. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावतं. रुग्णाच्या डोक्यावर एक टोपी चढवायची. तिच्यातले बारीक दिवे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कवटीच्या आत सोडतात, आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून रक्त कुठं, किती वाढलं ते कळतं. मग रुग्णाला टीव्हीवरच्या मालिकेतली आठ मिनिटं दाखवायची. मालिकाच का, तर गोष्ट समजणाऱ्या माणसांचे मेंदू एकाच वेळी वर-खाली होतात. नायिकेच्या मागे दार हळूच उघडलं की सगळे सावध होतात, आई परत आली की सगळे सैल पडतात. तीन हजार निरोगी प्रेक्षकांच्या नोंदींवरून निळी रेष बनवली होती. रुग्णाची रेष तिच्याशी जुळली तर त्याला गोष्ट कळते, म्हणजे तो आत जागा आहे. नाही जुळली तर...

"हालचाल तर दिसतेय की," श्रीपाल तांबड्या रेषेवर बोट ठेवत म्हणाले.

"हालचाल गाढ झोपेतही असते, काका. तिला अर्थ हवा." डॉक्टरांनी एक कागद पुढे केला. "पुनर्वसन विभागात खाटा कमी आहेत. ज्यांच्यात जाणीव आहे त्यांनाच तिथं ठेवता येतं. काकूंना शुश्रूषा केंद्रात हलवावं लागेल. शुक्रवारपर्यंत सही केलीत तर बरं."

शुश्रूषा केंद्र म्हणजे स्वच्छ चादरी, नाकातली नळी आणि दर दोन तासांनी कूस बदलणं. तिथं कुणी बोलायला शिकवत नाही. श्रीपालनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

पुण्याहून मुलाचा, अभिनंदनचा, फोन आला. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बाबा, आई असती तर तिला हे असं पडून राहणं चाललं असतं का? सही करा. मी शुक्रवारी येतो." त्याचा आवाज नेहमीपेक्षा कोरडा होता. तो रडू दाबून बोलतोय हे बापाला कळलं.

त्यानंतर त्यांनी निपाणीला बहिणीला, शालनला, फोन लावला.

"कसली मालिका दाखवली म्हणालास?" तिनं विचारलं.

"मृण्मयी सदन. ती सासू जिन्यावरून पडते बघ, तो भाग. तिथं सगळ्यांच्या मेंदूत दुःख उसळतं, आणि पद्मामध्ये काहीच नाही."

पलीकडे शालन चक्क हसली.

"अरे दादा, वहिनीला तिथं दुःख होईल? तिला तर त्या सीनचा असा राग आला होता! चार पायऱ्या आहेत म्हणाली, चार! चार पायऱ्यांवरून पडून कुणाची स्मृती जाते का? आणि एवढी गडगडली तरी केसातला गजरा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सगळं सांगितलं तिनं. अजून आहे माझ्या फोनमध्ये."

"काय आहे?"

"तिचे निरोप. बोलून पाठवायची की रोज. तुला ठाऊक नाही?"

श्रीपालना ठाऊक नव्हतं. एकेचाळीस वर्षांचा संसार, आणि गेली सहा वर्षं आपली बायको रोज सकाळी दूध तापवताना आपल्या बहिणीला टीव्हीवरच्या कार्यक्रमांविषयी चार-पाच मिनिटं बोलून पाठवते हे त्यांना ठाऊक नव्हतं. कार्यक्रम चालू असताना तिनं बोललेलं त्यांना खपत नसे, एवढं मात्र त्यांना आठवलं.

शालन दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं सांगलीला आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन उभा करून दोघं भावंडं ऐकायला बसली. निरोप सतराशेच्या वर होते.

पद्मजाचा आवाज खोलीत आला तेव्हा श्रीपालनी टेबलाची कड घट्ट धरली. मागे दूध उतू जाण्याआधीची भांड्याची कुरकुर ऐकू येत होती.

"शालन, काल गाण्याची स्पर्धा बघितलीस? ते परीक्षक म्हणजे गाणं संपायच्या आधीच रुमाल काढून बसलेले. मी म्हणते, ऐका तर आधी! मला विचारशील तर त्या सगळ्यांत तबलजी तेवढा गाणं ऐकत होता. मी त्याच्याकडेच बघत बसले."

दुसरा निरोप: "मृण्मयी सदनात मला कोण आवडते सांगू? ती मागं पोळ्या लाटणारी भागाबाई. तिला एक वाक्य देत नाहीत, पण हात बघ तिचे. त्या बाईनं खरोखर पोळ्या लाटल्यात."

तिसरा: "चर्चेच्या कार्यक्रमात काल सहाजण एकदम ओरडत होते. मी आवाज बंद केला आणि नुसती तोंडं बघितली. फार करमणूक झाली."

आणि मध्येच: "तुझा दादा खुर्चीत झोपला होता. उद्या विचारलं तर म्हणेल, छान होता भाग."

शालननं हळूच भावाकडे पाहिलं. भाऊ हसत होता. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा.

पण हसता हसताच त्यांच्या डोक्यात दुसरं चक्र फिरू लागलं होतं. श्रीपालनी चौतीस वर्षं दूध संघाच्या प्रयोगशाळेत काढली होती. आकड्यावर विश्वास ठेवायचा, पण तो कशाचा आहे ते आधी विचारायचं, ही तिथली सवय. त्यांनी कागद-पेन्सिल ओढून घेतली. त्या दिवशी जेवणसुद्धा टेबलावरच झालं.

गुरुवारी सकाळी बहीण-भाऊ डॉक्टरांसमोर बसले.

"तुमची निळी रेष ही तीन हजार लोकांची सरासरी, बरोबर?" श्रीपालनी विचारलं.

"बरोबर."

"आमच्या संघात गावोगावचं दूध एकत्र होऊन टँकर यायचा. त्याचं फॅट समजा निघालं सव्वाचार. मग एखाद्या म्हशीचं दूध तपासलं आणि ते आठ निघालं, तर ते दूध नव्हेच असं मी कधी लिहिलं नाही, डॉक्टर. माझी बायको टीव्ही बघताना चारचौघांसारखी कधी बघतच नव्हती. लोक रडतात तिथं ती चुका काढते. लोक नायिकेकडे बघतात, ती मागच्या भागाबाईकडे बघते. तिची रेष तुमच्या रेषेशी जुळली असती तर मलाच शंका आली असती."

डॉक्टर तिशीतल्या होत्या, हुशार होत्या आणि त्या दिवशी त्यांच्यापुढे अजून सात रुग्ण होते. त्या काहीशा तुटकपणे म्हणाल्या, "काका, नातेवाइकांना असं वाटणं साहजिक आहे. पण तीन हजार लोकांत..." आणि त्या मध्येच थांबल्या.

"काय झालं?"

"तीन हजार नव्हते ते," त्या सावकाश म्हणाल्या. "सुरुवातीला एकतीसशे होते. शंभरेक जणांची रेष इतरांशी जुळेना. त्यांचं लक्ष नव्हतं असं धरून त्यांना वगळलं. सगळे धडधाकट, जागे. आम्ही त्यांना विचारलंसुद्धा नाही."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग एकदम पुढे झाल्या.

"पण तुमच्या म्हणण्यावर मी निदान बदलू शकत नाही. तुम्ही काकूंची रेष पाहिली आहे. आता तुम्ही काहीही सांगाल आणि आपल्याला ते त्या रेषेत दिसू लागेल. ढगात हत्ती दिसतो तसं. तेव्हा असं करू. काकूंनी ज्यांच्यावर सविस्तर मत दिलंय असे पाच वेगवेगळे कार्यक्रम निवडा. कुठल्या मिनिटाला त्यांचा मेंदू उसळेल आणि कुठं ढिम्म राहील, ते लिहून पाच पाकिटांत बंद करून मला द्या. कुठला कार्यक्रम दाखवायचा ते मी ठरवीन. पाकीट चाचणी संपल्यावरच उघडायचं. संगणक तुमच्या तक्त्यासारखे हजार खोटे तक्तेही बनवेल. काकूंच्या रेषेशी जुळण्यात तुमचा त्या सगळ्यांच्या पुढे गेला, तरच मी ऐकेन."

"उद्या सकाळी देतो," श्रीपाल म्हणाले.

उरलेला दिवस दोघांनी ते पाच कार्यक्रम फिरवून-फिरवून पाहण्यात घालवला. एका हातात फोन, एका हातात घड्याळ. "इथं वहिनी नुसती चिडली नसती," शालन म्हणे, "इथं ती उठून बसली असती. मोठी खूण कर." श्रीपाल मोठी खूण करत. कुठे मतभेद झाला तर निरोप पुन्हा लावत, आणि बहुधा शालनच बरोबर निघे. आपल्या बायकोला बहीण आपल्यापेक्षा जास्त ओळखते, हे त्यांना आता टोचेनासं झालं होतं. कुणीतरी ओळखत होतं, हीच मोठी गोष्ट होती.

शुक्रवारी अभिनंदन आला तो थेट रुग्णालयात. त्याला वाटलं होतं सही झाली असेल. बाहेरच्या बाकावर वडील पाच पाकिटं मांडीवर घेऊन बसलेले होते. शालननं त्याला सगळं सांगितलं.

"बाबा, आणि यातनं काहीच निघालं नाही तर?"

"तर मी सही करीन. पण तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाही करणार."

डॉक्टरांनी चौथं पाकीट निवडलं. 'तिखटमीठ' नावाच्या पाककृती स्पर्धेचा दीड वर्षापूर्वीचा भाग. त्यातली नऊ मिनिटं.

पद्मजाच्या डोक्यावर टोपी चढवली. डोळ्यांचे स्नायू तिचं ऐकत नव्हते, म्हणून पडदा नेमका तिच्या खिळलेल्या नजरेसमोर आणला. काचेच्या अलीकडे चौघं उभे राहिले. कार्यक्रम सुरू झाला. एक तरुण मुलगी पुरणपोळीसाठी कणीक मळू लागली आणि निवेदक तिच्या दिवंगत वडिलांविषयी बोलू लागला. व्हायोलिन वाजू लागलं.

तांबडी रेष उसळली.

"संगीताला उसळली का?" अभिनंदननं कुजबुजत विचारलं.

शालननं तोंडावर हात ठेवला. ओठांवर आलेलं तिनं आतल्या आत गिळलं. पद्मजा त्या भागाविषयी काय म्हणाली होती ते तिला पाठ होतं: कणीक दगडासारखी मळली आहे, या पोळ्या फुटणार म्हणजे फुटणार.

पुढे मुलीनं वडिलांचा फोटो बाहेर काढून दाखवला. प्रेक्षकांत बसलेली माणसं रडली. तांबडी रेष सपाट. परीक्षकानं पहिली पोळी हातात घेतली आणि घास तोंडात जायच्या आधीच "स्वर्गीय!" असं उद्गारला. रेष वर गेली. कोपऱ्यात तिसरी स्पर्धक, नऊवारीतली एक थोराड बाई, कुणाकडे न पाहता खाली वाकून काहीतरी ढवळत होती. ती दिसली की रेष हलक्यानं वर, कॅमेरा हलला की खाली. चार वेळा दिसली, चारही वेळा वर.

मग ते आलं. मुलीनं तव्यावरची दुसरी पोळी उलटली, कॅमेरा परीक्षकांकडे गेला, आणि परत आला तेव्हा ताटात पोळी होती. टम्म, सोनेरी, न फुटलेली. तव्यावरच्या पोळीला कडेला दोन काळे डाग होते. ताटातल्या पोळीला एकही नव्हता.

तांबडी रेष पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली.

"चिडली!" शालन ओरडली. आता तिला आवरणं शक्य नव्हतं. "दादा, बघ, वहिनी चिडली! पोळी बदलली त्यांनी!"

डॉक्टरांनी कुणाकडे न पाहता पाकीट फोडलं. तक्ता यंत्राला दिला. हजार खोटे तक्ते, एक खरा. यंत्राला उत्तर द्यायला मिनिटसुद्धा लागलं नाही, पण तेवढ्यात अभिनंदननं वडिलांचा दंड कधी धरला ते दोघांनाही कळलं नाही.

"हजारच्या हजार मागे पडले," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "काका, काकू जाग्या आहेत. त्यांना सगळं दिसतंय, ऐकू येतंय, कळतंय. आणि मला वाटतं, त्यांना हा कार्यक्रम मुळीच आवडलेला नाही."

श्रीपाल खाली बसले. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर, नसती तर जमिनीवर. नऊ आठवडे मानेत धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं, आणि त्यांना एकदम सपाटून भूक लागली. अभिनंदन त्यांच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडत होता. "मी सही करा म्हणालो होतो, बाबा," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तू होतास कुठं टीव्ही बघायला," ते म्हणाले. "तुला कसं कळणार?"

डॉ. मुजावर दारापाशी उभ्या होत्या. "गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे अकराजण या चाचणीत नापास झालेत," त्या जवळजवळ स्वतःशीच म्हणाल्या. "सगळ्यांच्या घरी फोन करायला हवा. ती माणसं टीव्ही कशी बघायची, ते विचारायला हवं." आणि त्या लगबगीनं गेल्या. त्या अकरांपैकी तिघं पुढे पुनर्वसन विभागात परत आले.

पद्मजाची खाट हलली नाही. सोमवारपासून तिला उत्तर द्यायला शिकवायला सुरुवात झाली. पोळी लाटतेय अशी कल्पना केली की मेंदूचा एक भाग उजळे, ते 'हो'. नदीच्या घाटाच्या पायऱ्या उतरतेय अशी कल्पना केली की दुसरा, ते 'नाही'. चार दिवसांत तिला ते साधलं. नाव, गाव, मुलाचं नाव, सगळं बरोबर आलं.

या दिवसांत श्रीपाल तासन्‌तास तांबड्या रेषेपुढे बसून राहात. नर्स आली की रेष कशी हलते, अभिनंदनचा आवाज आला की कशी, आपण खोलीत पाऊल टाकलं की कशी, हे ते वहीत टिपू लागले होते. एका दुपारी डॉक्टरांनी ते पाहिलं आणि पद्मजाच्या खाटेशेजारी बसून म्हणाल्या, "काकू, एक विचारते. ही टोपी घातली की तुमच्या मनातलं बरंच काही तुम्ही न सांगताच आम्हाला दिसतं. ती दिवसभर चालू ठेवू का?"

उत्तर ताबडतोब आलं. घाटाच्या पायऱ्या. नाही.

"फक्त काही विचारायचं असेल तेव्हाच लावू?"

पोळी. हो.

श्रीपालना क्षणभर लागलं. नुकतीच सापडलेली बायको पुन्हा दाराआड गेल्यासारखं वाटलं. मग त्यांना निपाणीचे ते सतराशे निरोप आठवले. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, हे तिनं तेव्हाही स्वतःच ठरवलं होतं. त्यांनी उठून आपल्या हातानं यंत्र बंद केलं आणि वही मिटली.

"मग एवढं एकच विचारू दे," ते डॉक्टरांना म्हणाले. यंत्र पुन्हा लागलं. "पद्मा, बरं वाटलं की घरी जायचं ना?"

पोळी लाटली गेली. दोनदा.

जानेवारीत ती घरी आली. बोलता येत नव्हतं, पण उजव्या हाताचा अंगठा परत आला होता. त्याच्याखाली एक बटण बसवलं होतं. एकदा दाबलं की चांगलं, दोनदा दाबलं की वाईट. वाचा येईल का, हे डॉक्टर सांगत नव्हत्या. पण नाही येणार असंही म्हणत नव्हत्या, आणि त्या वर्षी तेवढं पुष्कळ होतं.

संक्रांतीच्या सुमाराला एक नवी गुप्तहेर मालिका सुरू झाली. संध्याकाळी सातला पहिला भाग होता. शालन मुक्कामाला होती. श्रीपालनी पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत, डोळा न मिटता, तो भाग पाहिला.

"कसा होता?" शालननं विचारलं.

पद्मजाच्या अंगठ्यानं दोनदा बटण दाबलं.

"मला आवडला," श्रीपाल म्हणाले.

टक, टक.

"अगं, पण तो घड्याळ विकत घेतो तिथं मला खरंच कळलं नव्हतं कुणी चोरी केलीय ते. चांगलं लिहिलंय."

टक, टक.

"मी सांगतो का ते. आधी ऐकून घे पूर्ण." त्यांनी खुर्ची तिच्या समोर ओढली आणि पहिल्या दृश्यापासून सांगायला सुरुवात केली. ते हातवारे करत होते, चोरानं कुठली टोपी घातली होती यावर अडत होते, शालनला साक्षीला ओढत होते. पद्मजाची नजर त्यांच्या चेहऱ्यावर होती. आता ती थोडीथोडी वळत असे. दहा मिनिटांनी ते थांबले.

अंगठा बटणावर बराच वेळ नुसता राहिला. मग एकदा दाबला गेला.

"बघ! पटलं तिला!" श्रीपाल उसळून म्हणाले.

अंगठा पुन्हा उचलला गेला. टक, टक. आणि पद्मजाच्या ओठांची डावी कड, जी ऑगस्टपासून हलली नव्हती, किंचित वर गेली.